एडिनबराचा चव्हाटा : मर्कॅट क्रॉसविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे येतात. किल्ला पाहून रॉयल माइलच्या उताराला लागले की सेंट जाइल्स चर्चच्या पूर्वेला, पार्लमेंट स्क्वेअरच्या तोंडाशी, एक अष्टकोनी दगडी बांधकाम दिसते. मधून उंच खांब, खांबावर एकशिंगी घोडा. फोटो काढून झाला की प्रश्न सुरू होतात आणि दरवर्षी ते साधारण तेच असतात. म्हणून उत्तरे एकदाची लिहून ठेवली.

हे नक्की आहे काय? कुणाची समाधी?

समाधी नाही, देऊळ नाही, कारंजेही नाही. ही दवंडी पिटायची जागा आहे. खालच्या अष्टकोनी भागाला दार आहे आणि आत जिना. जिन्याने वर गेले की कठड्याचा सज्जा लागतो. राजाचा माणूस तिथे उभा राहून हुकूम वाचायचा आणि खाली रस्त्यात जमलेले गाव ऐकायचे. आपल्याकडे चावडी, पार आणि चव्हाटा अशा तीन जागांत वाटलेली कामे इथे या एकाच चौथऱ्यावर होत. तिन्हींतला एकच शब्द निवडायचा झाला तर मी ‘चव्हाटा’ म्हणेन. गोष्ट चव्हाट्यावर आणणे म्हणजे काय, ते स्कॉटलंडच्या कायद्याने कित्येक शतके शब्दशः पाळले.

क्रॉस म्हणतात, मग क्रूस कुठे आहे?

नाही. बऱ्याच ठिकाणी पूर्वी असावा. बाजारातला करार क्रुसाच्या साक्षीने व्हावा, मापात पाप करणाऱ्याला थोडी तरी भीती वाटावी, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो. पुढे खांबाच्या टोकावर क्रुसाऐवजी राजचिन्ह आले, नाव मात्र तेच राहिले. ‘मर्कॅट’ हे ‘मार्केट’चेच स्कॉट्स भाषेतले रूप. तेव्हा सरळ मराठीत हा बाजारखांब.

गावाला असा खांब लागायचा कशाला?

बाजार भरवणे हा हक्क होता आणि तो राजाकडून मिळवावा लागे. बाराव्या शतकात पहिल्या डेव्हिड राजाने स्कॉटलंडमध्ये ‘बर्ग’ नावाची व्यापारी गावे वसवायला सुरुवात केली. अशा गावाला आसपासच्या मुलखाच्या व्यापाराची मक्तेदारी मिळे. माल उघड्यावर, ठरल्या वेळी, ठरल्या जागी विकायचा आणि त्यावर पट्टी भरायची. शेतकऱ्याला वेशीबाहेर गाठून माल आधीच उचलणारा दलाल हा गुन्हेगार. तेव्हा खांब म्हणजे गावाची सनदच, फक्त दगडात उभी केलेली. जिथे खांब, तिथे कायदेशीर बाजार.

एडिनबराच्या क्रॉसचा पहिला उल्लेख १३६५ सालच्या एका सनदेत सापडतो. पुढे १४७७ मध्ये तिसऱ्या जेम्सने शहरात कोणता माल कुठे विकायचा ते वाटून दिले. त्या काळच्या बाजारांची नावे अजून गल्ल्यांना चिकटलेली आहेत: ग्रासमार्केट, कापडाचे लॉनमार्केट, मांसाचा फ्लेशमार्केट क्लोज. पत्ता शोधताना ही नावे वाचत चाललात तर जुना बाजार पायाखालून जातो.

वर चढून वाचायचे काय?

सगळेच. नवा राजा, लढाई, तह, नाण्याचा बदललेला भाव, संसदेचे कायदे. छापील राजपत्र घरोघरी जाण्याच्या आधीचा हा काळ. लोकांना वाचता येवो न येवो, ऐकता येते. म्हणून कायदा करून भागत नसे, तो ओरडून सांगावा लागे. १५८१ मध्ये स्कॉटिश संसदेने नियम केला की एडिनबराच्या मर्कॅट क्रॉसवर कायदा वाचला की पुरे, त्यानंतर चाळीस दिवसांनी तो सगळ्या देशाला लागू. ‘मला माहीत नव्हते’ ही सबब त्यानंतर चालायची नाही.

यातला मला सर्वात आवडणारा भाग देशाबाहेर असलेल्या माणसाचा. त्याच्यावर दावा लागला तर समन्स बजावायचे कसे? तर एडिनबराच्या क्रॉसवर आणि लीथ बंदराच्या धक्क्यावर ते पुकारायचे. माणूस हॉलंडात असो नाहीतर त्याहून दूर, समुद्राच्या काठाशी उभे राहून त्याचे नाव पुकारले म्हणजे त्याला कळले असे कायदा धरून चाले. लाटा निरोप पोचवतील अशी काहीशी भाबडी कल्पना, पण वकिली दस्तऐवजांत ती अगदी गंभीर चेहऱ्याने लिहिलेली असते.

‘शिंग फुंकणे’ हा काय प्रकार?

कर्ज फेडले नाही म्हणून माणसाला सरळ तुरुंगात टाकायला जुना स्कॉटिश कायदा कचरत असे. त्यावर एक नामी तोड निघाली. सावकाराने राजाच्या नावाने पत्र काढायचे: अमुक दिवसांत पैसे भर. भरले नाहीत की अंमलदार मर्कॅट क्रॉसवर जायचा, तीनदा हाळी द्यायचा, पत्र वाचायचा आणि तीनदा शिंग फुंकायचा. तिसऱ्या आवाजाबरोबर कर्जदार राजद्रोही ठरला! कारण त्याने सावकाराचे नव्हे, राजाचे पत्र मोडले. आता त्याला पकडायला हरकत नाही. म्हणजे कैद कर्जासाठी नाही, अवज्ञेसाठी. पेशवाईतल्या एखाद्या मुरलेल्या कारकुनाने दाद द्यावी अशी युक्ती.

शिंगाचा आवाज काळाच्या ओघात विरला, पण हे ‘शिंगाचे पत्र’ कायद्यात उरले. ते रद्द झाले १९८७ च्या कायद्याने. १९८७, छापण्यात चूक नाही.

आणि दिवाळखोरांचे काय करायचे?

आपल्याकडे लोकांना टोपी घालणारा दिवाळखोर होतो, इथे दिवाळखोरालाच टोपी घालत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या वरिष्ठ न्यायालयाने हुकूम काढून क्रॉसजवळ घडीव दगडाचे एक आसन बांधायला लावले. दिवाळे निघालेल्या माणसाने बाजाराच्या दिवशी सकाळी दहापासून दुपारच्या जेवणानंतर तासभर उलटेपर्यंत तिथे पिवळी टोपी घालून बसायचे. पुढे अर्धा पिवळा, अर्धा तपकिरी असा अंगरखाही आला. कल्पना करा, कालपर्यंत ज्यांच्याशी सौदे केले ते सगळे समोरून जाताहेत आणि तुम्ही पिवळ्या टोपीत. व्याजापेक्षा ही शिक्षा जड असणार.

इथे फाशी देत असत का?

हो, आणि ती मोठ्या माणसांना. साध्या गुन्हेगारांसाठी पुढे ग्रासमार्केट ठरले. क्रॉसपाशी राजकारणात हरलेले मरत. एडिनबराचा किल्ला पदच्युत मेरी राणीच्या बाजूने शेवटपर्यंत लढवणारा कर्कॉल्डी ऑफ ग्रेंज १५७३ मध्ये इथे फासावर गेला.

मग आला माँट्रोजचा मार्क्विस. राजाच्या बाजूने लढलेला सेनापती आणि कवी. २१ मे १६५० रोजी त्याला क्रॉसशेजारी तीस फूट उंच फाशीवर चढवले. सरदाराचा मान म्हणून शिरच्छेद करावा एवढीही सवलत दिली नाही. त्याचे शिर तुरुंगाच्या भिंतीवरच्या खिळ्यावर रोवले, ते तिथे अकरा वर्षे राहिले. मधल्या काळात वारे फिरले, राजघराणे परत गादीवर आले. १६६१ मध्ये माँट्रोजचे शिर सन्मानाने उतरवले गेले आणि त्याच वर्षी, त्याच क्रॉसपाशी, त्याचा कट्टर वैरी आर्गाइलचा मार्क्विस ‘मेडन’ नावाच्या शिरच्छेद यंत्राखाली गेला. रिकाम्या खिळ्यावर आर्गाइलचे शिर लावले. ते यंत्र आज चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आणि सेंट जाइल्समध्ये गेलात तर दोघांची स्मारके एकाच छताखाली आहेत, एकाचे दक्षिण बाजूला, दुसऱ्याचे उत्तरेला. पाहुण्यांना मी आधी माँट्रोजचे दाखवतो, गोष्ट पूर्ण सांगतो आणि मगच दुसऱ्या बाजूला नेतो.

म्हणजे हा सरकारी भोंगाच झाला. विरोधकांना वाव होता का?

इथेच या जागेचे खरे मर्म आहे. राजाने जे क्रॉसवर सांगितले ते नाकारायचे असेल तर तेही क्रॉसवरच नाकारावे लागे. घरात बसून केलेली कुरकुर मोजली जात नसे.

२२ फेब्रुवारी १६३८. पहिल्या चार्ल्सने लादलेल्या नव्या प्रार्थनाग्रंथावरून देश खवळला होता. राजाच्या माणसांनी क्रॉसवर फर्मान वाचले. ते संपते न संपते तोच विरोधकांच्या बाजूने वॉरिस्टनचा आर्चिबाल्ड जॉन्स्टन या वकिलाने तिथेच कायदेशीर निषेध वाचून दाखवला. फर्मान आणि निषेध, दोन्ही त्याच जागी, त्याच गर्दीला. पुढच्या काही दिवसांत ‘नॅशनल कव्हेनंट’वर, म्हणजे राजाच्या धर्मधोरणाविरुद्धच्या प्रतिज्ञापत्रावर, सह्या सुरू झाल्या. त्याचा मसुदा करणाऱ्यांत हाच वॉरिस्टन होता. १६६३ मध्ये त्याला फाशी झाली. कुठे, हे सांगायला नको.

ही रीत एडिनबरापुरती नव्हती. २२ जून १६८० रोजी रिचर्ड कॅमेरॉन नावाचा प्रवचनकार मूठभर घोडेस्वार घेऊन सँकर या छोट्या गावात शिरला आणि तिथल्या क्रॉसपाशी जाहीर केले की दुसरा चार्ल्स आमचा राजा नाही. जाहीरनामा खांबाला लावला आणि तो निघून गेला. महिनाभरात तो लढाईत मारला गेला. नोव्हेंबर १७०६ मध्ये डमफ्रीस गावात जमावाने इंग्लंडशी एकीकरणाच्या कराराची कलमे क्रॉसपाशी जाळली. करार अर्थातच झाला.

आणि १७४५. बंडखोर राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या हायलँडर सैन्याने १७ सप्टेंबरला एडिनबरा घेतले. त्याच दिवशी सरकारी भालदार-चोपदारांना पोशाख चढवायला लावून क्रॉसवरून त्याच्या वडिलांच्या नावाची द्वाही फिरवली: आठवा जेम्स. पोशाख, शिंगे, शब्द सगळे नेहमीचेच, फक्त राजा वेगळा. पुढच्या वर्षी कलोडनला बंड मोडले आणि जूनमध्ये पकडलेली निशाणे जाळण्यासाठी याच क्रॉसपाशी आणली. राजपुत्राचे निशाण गावच्या फाशी देणाऱ्याच्या हातात आणि बाकीच्यांची धुराडी साफ करणाऱ्या पोऱ्यांच्या हातात दिली होती. अपमान कसा करावा यावरही इथे बारीक विचार झालेला दिसतो.

भुताची गोष्ट खरी का?

रात्रीच्या भूत-सहली इथूनच निघतात, त्यामुळे हा प्रश्न येतोच. गोष्ट १५१३ ची. चौथा जेम्स इंग्लंडवर चालून जायच्या तयारीत आहे, तोफा बाहेर निघताहेत. मध्यरात्री क्रॉसवरून एक आवाज उमटतो आणि सरदार-सावकारांची नावे एकामागून एक पुकारून त्यांना चाळीस दिवसांच्या आत पाताळातल्या धन्यापुढे हजर व्हायला फर्मावतो. समोरच्या घराच्या सज्जात फेऱ्या घालणारा रिचर्ड लॉसन स्वतःचे नाव ऐकतो, खिशातले नाणे खाली फेकतो आणि ओरडतो की हा निवाडा मला मान्य नाही, मी देवाकडे दाद मागतो. ९ सप्टेंबरला फ्लॉडनची लढाई होते. राजा पडतो, सरदारांची पिढीच्या पिढी पडते. नावे पुकारलेल्यांत लॉसन तेवढा वाचतो.

भुतावर विश्वास ठेवा न ठेवा. मला यातला तपशील गमतीचा वाटतो: सैतानसुद्धा समन्स काढतो ते क्रॉसवरून, रीतसर नाव पुकारून, मुदत देऊन. आणि त्यातून सुटायचे तर त्यावर अपील करावे लागते. ज्यांना लढाई नको होती त्यांनी एखाद्याला रात्री वर चढवले असावे, असाही एक तर्क आहे. तो मला बरा वाटतो.

सणासुदीला काही होत असे का?

दारू वाहायची. १५९० मध्ये सहाव्या जेम्सची डॅनिश राणी ॲन शहरात आली तेव्हा क्रॉसमधून द्राक्षाची दारू सोडली होती.

त्याआधी, मे १५८७ मध्ये, याच जेम्सने एक अजब प्रयोग केला. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या सरदारांना त्याने राजवाड्यावर जेवायला बोलावले, दिलजमाई करायला लावली आणि मग वैऱ्यांच्या जोड्या करून, हातात हात घालून, होलिरूड राजवाड्यापासून क्रॉसपर्यंत रस्त्याने चालवत आणले. क्रॉसपाशी टेबले मांडली होती, मिठाई होती, दारू होती. वैर चव्हाट्यावर झाले होते, तेव्हा समेटही तिथेच दिसला पाहिजे. समेट किती टिकला हे विचारू नका.

बाजार खरोखर इथे भरायचा?

अठराव्या शतकापर्यंत ही व्यापाऱ्यांची उभ्याने चालणारी पेढी होती. दुपारी सौदे, हुंड्या, बातम्या, सगळे रस्त्यात उभे राहून. ‘कॅडी’ नावाचे निरोपे इथेच थांबत. शहरातला प्रत्येक जिना आणि प्रत्येक भानगड त्यांना पाठ. चिठ्ठी द्या, पोचेल. माणूस शोधायला सांगा, सापडेल. गोल्फच्या काठ्या वाहणारा कॅडी तो हाच शब्द.

व्यापाऱ्यांनी असे पावसात उभे राहू नये म्हणून नगरपालिकेने १७५३ पासून समोरच ‘रॉयल एक्स्चेंज’ ही देखणी इमारत बांधली. व्यापारी आत जाईनात! त्यांना रस्त्याचीच सवय. आज त्या इमारतीत महापालिका आहे. मधल्या काळात तिथे जकात खात्याचे कार्यालय होते आणि १७७८ पासून त्याचा एक आयुक्त होता ॲडम स्मिथ. खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता आणि नोकरी जकातीची. त्याचा पुतळा २००८ पासून क्रॉसच्या अगदी बाजूला उभा आहे.

मग हा मूळचाच क्रॉस का? किती जुना?

इथे पाहुण्यांचा चेहरा पडतो. समोर दिसणारे बांधकाम १८८५ चे आहे. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस पुरे व्हायला आले होते तेव्हाचे. खांबाचा नक्षीदार माथा तेवढा पंधराव्या शतकातला आणि खांबाचा सोट १९७० मध्ये बदललेला.

जुन्या क्रॉसची कहाणी थोडक्यात अशी. १३६५ च्या सनदेतला क्रॉस चर्चच्या पूर्व टोकापासून काही पावलांवर होता. १६१७ मध्ये तो रस्त्याच्या उताराकडे हलवला. खांब म्हणजे, त्या काळच्या नोंदीप्रमाणे, सुमारे चाळीस फुटांचा अखंड दगड. तो उतरवायचा कसा, हे गवंड्यांना सुचेना तेव्हा लीथ बंदरातल्या खलाशांना बोलावले. जहाजाची डोलकाठी हाताळणाऱ्यांना उंच, जड, आडवे करताना मोडेल असे काही पेलणे रोजचेच. त्यांनी तो ओरखडा न काढता उतरवला आणि २५ मार्चला नव्या चौथऱ्यावर खांब पुन्हा उभा राहिला. त्या वर्षी सहावा जेम्स, तोवर इंग्लंडचाही राजा झालेला, लंडनहून एकदाच आपल्या जन्मभूमीला भेट द्यायला आला होता, त्यासाठीच शहराची ही झाडलोट.

१७५६ मध्ये मात्र खलाशी बोलावले नाहीत. गाड्यांना अडचण होते म्हणून मार्च महिन्यात क्रॉस पाडला आणि खांब उतरवताना दोर सुटून तो मोडला. वाहतुकीला अडथळा हे कारण देऊन जुनी वास्तू पाडणे ही काही आजची खोड नाही. पाडण्याच्या आदल्या रात्री काही रसिकांनी जागरण करून, पहाटे वर चढून, क्रॉसच्या नावाने शेवटचा पेला घेतला म्हणतात. त्या जुन्या जागी रस्त्यात दगडी फरसबंदीचा अष्टकोन उमटवलेला आहे. लोक त्यावरून बेधडक चालत जातात, तुम्ही क्षणभर थांबा.

जुने तुकडे गेले कुठे?

मोडक्या खांबाचे भाग शहराबाहेर गिल्मर्टनजवळ ‘ड्रम’ नावाच्या हवेलीच्या आवारात नेऊन उभे केले. चौथऱ्यावरची काही दगडी मुखवट्यांची पदके कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने मिळवली आणि ॲबट्सफर्ड या आपल्या घराच्या बागेच्या भिंतीत बसवली. क्रॉस पाडणाऱ्यांना त्याने एका दीर्घकाव्यात शापही दिला आहे. १८६६ मध्ये खांब सेंट जाइल्सशेजारी पायऱ्यांवर परत उभा झाला, पण चौथऱ्याविना. दवंडी द्यायला सज्जाच नाही, म्हणजे देव्हारा नसलेला देव.

पैसे कुणी दिले?

विल्यम ग्लॅडस्टनने, पदरचे. इंग्लंडात जन्मलेला पण आईवडिलांकडून स्कॉट, चार वेळा पंतप्रधान, आणि तेव्हा मिडलोदियनचा, म्हणजे एडिनबराभोवतालच्या परगण्याचा, खासदार. आराखडा सिडनी मिचेल या वास्तुकाराचा, १६१७ च्या क्रॉसवर बेतलेला. वर कोरलेला लॅटिन लेख ग्लॅडस्टनने स्वतः रचला. मतदारसंघाला दिलेली भेट म्हणून पाहिले तर बसथांब्याच्या शेडपेक्षा ती नक्कीच टिकाऊ.

आठ बाजूंना ढाली कसल्या?

ब्रिटन, स्कॉटलंड, इंग्लंड आणि आयर्लंडची राजचिन्हे, शिवाय एडिनबरा शहर, लीथ, कॅननगेट आणि विद्यापीठ. लीथ तेव्हा वेगळे गाव होते, कॅननगेटही पूर्वी वेगळेच. लीथची माणसे अजूनही तसेच मानतात.

एकशिंगी घोडा का?

तो स्कॉटलंडचा राजप्राणी. इंग्लंडचा सिंह, स्कॉटलंडचा युनिकॉर्न. बहुतेक ठिकाणी त्याच्या गळ्यात मुकुट आणि अंगाभोवती साखळी दाखवतात. इतका रानटी की राजाच फक्त त्याला बांधू शकतो, असा त्याचा अर्थ लावतात. इंग्लंडने बांधला, असा अर्थ लावणारेही भेटतील, पण साखळी एकीकरणाच्या आधीची आहे.

आता काही वापर आहे का?

आहे. सार्वत्रिक निवडणुकीसाठी संसद विसर्जित झाली की तो जाहीरनामा इथे वाचतात. आणि राजा बदलला की. ‘लॉर्ड लायन’ हा स्कॉटलंडचा राजचिन्हांचा मुख्य अधिकारी, भरजरी अंगरख्यातल्या लवाजम्यासह, वर चढतो. लंडनहून घोडेस्वाराला यायला तीन दिवस लागत म्हणून तीन दिवसांनी वाचायचे असा जुना रिवाज सांगतात. २०२२ मध्ये मात्र लंडनला १० सप्टेंबरला आणि इथे ११ सप्टेंबरला तिसऱ्या चार्ल्सची द्वाही फिरली. तुताऱ्या वाजल्या, जयघोष झाला आणि गर्दीतून हुर्योही उडवली गेली. जागेच्या परंपरेला धरूनच. त्याच दुपारी राणी एलिझाबेथची शवपेटी बालमोरलहून याच रस्त्याने होलिरूडला गेली.

लोक थुंकतात ती जागा हीच का?

नाही हो! ती चर्चच्या पलीकडे, पश्चिमेला, रस्त्यात हृदयाच्या आकाराची फरसबंदी आहे. १८१७ मध्ये पाडलेल्या जुन्या तुरुंगाची ती खूण. तिच्यावर थुंकायची इथे पद्धत आहे. क्रॉसपाशी थुंकू नका.

वर जाता येते का? तिकीट किती?

दार कुलूपबंद असते, वर जाता येत नाही. तिकीट नाही, वेळ नाही, रस्त्यातच आहे. वेव्हर्ली स्टेशनवरून फ्लेशमार्केट क्लोजच्या पायऱ्या चढून आलात तर पाच-सात मिनिटे. गुडघे कुरकुरत असतील तर कॉकबर्न स्ट्रीटच्या वळणाने या. ऑगस्टमध्ये फ्रिंज महोत्सव असतो, तेव्हा क्रॉसला पाठ टेकून कुणीतरी चाकू किंवा पेटत्या मशाली झेलत असेल. फोटो हवा असेल तर सकाळी आठच्या आत.

अस्सल जुना क्रॉस पाहायचा तर?

स्कॉटलंडमध्ये शंभरावर मर्कॅट क्रॉस टिकून आहेत. बरेचसे म्हणजे पायऱ्या आणि एक खांब. ॲबर्डीनचा १६८६ चा, जॉन माँटगोमेरी या गवंड्याचा, सर्वात नटवा: षट्कोनी कमानी आणि वर स्टुअर्ट राजांचे दगडी चेहरे. तोही १८४२ मध्ये हलवलेला. इन्व्हरनेसच्या क्रॉसच्या पायथ्याशी एक ओबडधोबड दगड आहे. नदीवरून येणाऱ्या बायका आपली जड घमेली त्यावर टेकवून दम खायच्या. राजाच्या हुकमांपेक्षा गावाच्या जास्त बातम्या त्या दगडापाशी फिरल्या असणार.

पण एडिनबराहून अर्ध्या दिवसात होणारा आणि मला सर्वात लोभस वाटणारा प्रेस्टनपॅन्सचा. गाडीने पंधरा-वीस मिनिटे. १६१७ मध्ये तिथल्या हॅमिल्टन घराण्याला जत्रा भरवायचा हक्क मिळाला, तेव्हाचा. गोल चौथरा, आत जिना, वर सज्जा, उंच खांब आणि युनिकॉर्न. या घडणीचा, मूळ रूपात मूळ जागी उभा राहिलेला स्कॉटलंडमधला हा एकच. एडिनबराचा क्रॉस पाहिल्यावर इथे आलात तर मोठ्या भावाचे लहानपणीचे छायाचित्र बघितल्यासारखे वाटते.

१६३६ मध्ये हा क्रॉस फेरीवाल्यांच्या संघाने विकत घेतला. गाठोडे पाठीवर घेऊन दारोदार सुया, फिती, कापड विकणारी ही माणसे. ना त्यांचे दुकान, ना ठाव. वर्षातून एकदा ती इथे जमत, आपले पुढारी निवडत, आपले नियम ठरवत. आसपास आता साधी घरे आहेत, गर्दी नाही, वाहने सावकाश जातात. जवळच जुन्या गढीचा पडका बुरूज आहे, तोही बघून घ्या. डबा बरोबर न्या.